रजिस्टरात काय लिहू? सोसायटीत सगळ्यांना जागा करून देताना

पावसाळ्याचे दिवस होते. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि इंटरकॉम वाजला. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, आठ सौ दो का किरायेदार आया है... मतलब आई है. आधार पे ट्रान्सजेंडर लिखा है. रजिस्टर में मेल लिखूँ के फीमेल?"

मी खाली उतरले. टेम्पो गेटबाहेर, सामानावर ताडपत्री. केबिनच्या पत्र्याखाली तिशीची एक बाई उभी होती, एका हातात तुळशीची कुंडी, दुसऱ्या हातात प्रेशर कुकर. पाव तास ती तशीच उभी होती. दोन वॉचमन, टेम्पोवाला, हमाल आणि कुत्र्याला फिरवायला उतरलेले सातव्या मजल्यावरचे गृहस्थ, एवढ्या जणांच्या हातातून तिचं आधार कार्ड फिरून झालं होतं. मला बघून तिने कुंडी खाली ठेवली. "मी लिहू का?" म्हणत पेन घेतलं. नाव, फ्लॅट नंबर, वेळ लिहिली, 'स्त्री/पुरुष'च्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि पेन परत दिलं.

तो रकाना आम्हाला आजवर कशासाठी लागला होता, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या महिन्यात आम्ही तो काढून टाकला, आणि तिथून बाकीची कामं एकेक करत दिसायला लागली.

ठाण्यात मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मी पाच वर्षांची एक मुदत सेक्रेटरी होते. घोडबंदर रोडला, खारघरला, उलव्याला दरवर्षी नव्या इमारती उभ्या राहतात, नव्या कमिट्या निवडून येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी याआधी सोसायटीचं काम कधी केलेलं नसतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मनाशी एकच कसोटी धरा: आपल्या आवारात कोणालाही स्वतःची ओळख दारोदारी समजावून सांगावी लागू नये.

१. आधी शब्द

नव्या कमिटीच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. शब्द माहीत नसले की माणसं एकतर गप्प बसतात, नाहीतर शिवी वापरतात.

लिंगभाव म्हणजे माणूस स्वतःला कोण म्हणून ओळखतो ते: बाई, पुरुष, दोन्ही, किंवा दोन्हीपैकी काहीच नाही. लैंगिक कल म्हणजे त्याला कोणाबद्दल ओढ वाटते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण जी स्वतःला बाई म्हणून ओळखते ती ट्रान्स स्त्री. त्याच्या उलट ट्रान्स पुरुष. स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारे स्वतःला नॉनबायनरी म्हणवतात. जन्मतःच ज्यांच्या शरीराची रचना ठरावीक स्त्री किंवा ठरावीक पुरुष अशी नसते ते इंटरसेक्स. सरकारी कागदांवर 'तृतीयपंथी' हा शब्द येतो, काहींना 'पारलिंगी' बरा वाटतो. हिजडा समाज म्हणजे गुरू-चेल्यांची परंपरा असलेला, स्वतःचे रीतिरिवाज असलेला समाज. प्रत्येक ट्रान्स व्यक्ती त्यात असतेच असं नाही. यातला कुठला शब्द वापरायचा? ती व्यक्ती स्वतःसाठी जो वापरते तो.

"आपल्या बिल्डिंगमध्ये असं कोणी नाही" हे वाक्य बैठकीत हमखास येईल. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ होती, महाराष्ट्रात ४०,८९१. ज्यांनी दारात आलेल्या अनोळखी प्रगणकाला ते सांगितलं, तेवढीच ही माणसं. ज्यांनी सांगितलं नाही ती मोजलीच गेली नाहीत, आणि त्यातलं कोणी आपल्याच मजल्यावर राहत असेल. पंधरा-सोळा वर्षांचं, अजून घरीही न बोललेलं असेल.

२. कायदा, कमिटीला लागेल तेवढा

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांना स्वतंत्र मान्यता दिली आणि आपली ओळख ठरवण्याचा अधिकार त्या-त्या व्यक्तीचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं सांगितलं. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी याही त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांत होत्या. पुढे २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याचं कलम ३ कमिटीतल्या प्रत्येकाने वाचावं. घर भाड्याने घेणं, विकत घेणं, तिथे राहणं यांत भेदभाव करण्याला त्यात मनाई आहे. कलम १८ मध्ये राहतं घर सोडायला भाग पाडणं, सार्वजनिक जागेत जाऊ न देणं, छळ करणं यांसाठी सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड ठेवला गेला. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढणारा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. त्यामुळे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एका घरात राहतात, ही कमिटीकडे येण्यासारखी तक्रार नाही.

सोसायटीपुरतं सांगायचं तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सदस्याला संस्थेची परवानगी लागत नाही. त्याने संस्थेला कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे नोंद करायची. एवढंच. "सोसायटीची एनओसी मिळणार नाही" हे जे एजंट लोक सांगतात, त्याला आधार नाही. आमच्या त्या भाडेकरूने आमच्याकडे येण्याआधी ठाणे आणि नवी मुंबई मिळून अकरा घरं पाहिली होती. नऊ ठिकाणी मालक तयार होते, शेवटच्या दिवशी "आमचं काही नाही हो, सोसायटी नाही म्हणते" असा फोन आला. यांतल्या किती कमिट्यांना कोणी खरंच विचारलं असेल, देव जाणे. म्हणून आम्ही सगळ्या फ्लॅटमालकांना एक पत्र पाठवलं: भाडेकरू नाकारण्यासाठी संस्थेचं नाव वापरू नका.

ट्रान्सजेंडर म्हणून ओळखीचं प्रमाणपत्र हा विषय ती व्यक्ती आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यातला आहे. सोसायटीने ते मागायचं नाही. कोणी स्वतःहून मदत मागितलीच तर एक गोष्ट लक्षात ठेवा: वाशी, नेरूळ, ऐरोली ही ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, उलवे रायगडात, त्यामुळे त्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. या एका गोष्टीपायी लोकांचे हेलपाटे होतात.

३. गेट

कामाची सुरुवात इथून करा, कारण अपमानाची सुरुवातही बहुतेक वेळा इथूनच होते.

रजिस्टरात नाव, कोणाकडे जायचं, वेळ, गाडी नंबर एवढे रकाने पुरतात. अ‍ॅपवर नोंद होत असेल तर तिथेही लिंगाचा पर्याय बंद करता येतो का ते कंपनीला विचारा. भाडेकरूच्या फॉर्मवर दोन ओळी ठेवा: 'कागदपत्रांवरील नाव' आणि 'वापरात असलेलं नाव'. पहिलं पोलिसांच्या नोंदीपुरतं, फाइलमध्ये बंद. लॉबीतला नावांचा बोर्ड, इंटरकॉमची यादी, पार्सलची चिठ्ठी, गणपतीच्या वर्गणीची पावती, सगळीकडे दुसरं नाव. जुनं नाव काय होतं हे विचारणं थांबवा. तो प्रश्न ऐकणाऱ्याला काय होतं ते चेहऱ्यावर दिसतं.

वॉचमनशी बोलायला रात्री आठची वेळ चांगली. पाळी बदलते, दोन्ही पाळ्यांची माणसं असतात. भाषण नको, चार सूचना द्या. येणाऱ्याला "किसके यहाँ जाना है?" एवढंच विचारायचं. ओळखपत्र पाहिलं की लगेच परत द्यायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही. कोण कसं आहे याची चर्चा ड्रायव्हर आणि कामवाल्या मावशींबरोबर करायची नाही. आणि शंका आली तर इंटरकॉम करायचा, गेटवर सगळ्यांसमोर निवाडा करायचा नाही. वॉचमनना दोष देऊ नका. बारा तास उभं राहून ते आपण दिलेलंच रजिस्टर भरतात. एजन्सी दर दोन-तीन महिन्यांनी माणसं बदलते, म्हणून हे बोलणं वर्षातून एकदा करून भागत नाही.

बाळ झालं, लग्न झालं की बधाई मागायला हिजडा समाजातली टोळी येते. त्यांच्यासाठीही इतर पाहुण्यांचाच नियम: ज्या घरी जायचं तिथे फोन लावायचा, घरचे हो म्हणाले तर वर, नाही म्हणाले तर नम्रपणे नाही. काही इमारतींच्या गेटवर मी 'फेरीवाले, कुत्रे व तृतीयपंथी यांना प्रवेश नाही' अशी पाटी वाचलेली आहे. तुमच्याकडे असेल तर आजच्या आज उतरवा, बैठकीची वाट बघू नका.

४. बोलणं

मला यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मराठीत क्रियापद उच्चारलं की लिंग बाहेर पडतं. 'कधी आलास', 'कुठे चाललीस', 'ते म्हणाले', 'त्या म्हणाल्या'. त्यामुळे लोक घाबरून बोलायचंच टाळतात. लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालतात, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

पण याच भाषेत वाटा आहेत. 'तुम्ही कधी आलात?', 'जेवलात का?', 'कुठे निघालात?' यांतून बाई-पुरुष काही ठरत नाही. 'तुम्हाला पार्किंग हवंय का?', 'पाणी नीट येतंय ना?' यांतूनही नाही. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना 'त्यांनी चेक दिलाय', 'त्यांना सांगा', 'त्यांचं कुरियर आहे' ही वाक्यं सुरक्षित. 'मी उद्या येईन' हे तर कोणीही म्हणावं. अडतं ते 'आले की आल्या' इथे, आणि त्याचं उत्तर समोरचा माणूस स्वतःच देतो. मराठी माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'मी सांगतो' किंवा 'मी सांगते' म्हणतोच. कान देऊन ऐका आणि तेच रूप वापरा. विचारायची वेळसुद्धा येत नाही. (कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी जातो', 'मी आलो' असंच बोलतात, तेवढं ध्यानात असू द्या. गोंधळ वाटलाच तर एकटं गाठून, हळू आवाजात, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" असं सरळ विचारा.)

चूक होईल. माझ्या कितीदा झाल्या. "ते खाली गेले... गेल्यात, येतीलच एवढ्यात," असं त्याच वाक्यात सुधारा आणि पुढे चला. लांबलचक माफी मागितली की समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

मुलं विचारतात, "काका म्हणू का काकू?" उत्तर सोपं आहे: जे त्यांना आवडतं ते. मुलांना एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. नोटीस बोर्डावर 'सर्व सभासद व रहिवासी' लिहा, 'बंधू-भगिनी' वगळलं तरी नोटिशीचं वजन कमी होत नाही. निमंत्रणाच्या पाकिटावरचं 'श्री. व सौ.' सोडा. एकटी राहणारी, घटस्फोटित, नवरा गेलेली, अशा बायकांनाही त्या दोन अक्षरांचा त्रास होतोच.

५. स्वच्छतागृह, पोहण्याचा तलाव

क्लबहाउसमधलं एक स्वच्छतागृह, ज्याला स्वतंत्र दार आणि आतून कडी आहे, त्यावर 'स्वच्छतागृह' एवढंच लिहा. तलावाजवळ कपडे बदलायला एक बंद खोली असू द्या. आमचा खर्च एक पार्टिशन, दोन कड्या आणि एक पाटी एवढाच झाला. सगळ्यात जास्त वापर लहान मुलांना घेऊन येणाऱ्या बाबांनी केला. घरकामाला येणाऱ्यांच्या स्वच्छतागृहालाही हाच नियम लावा, ते विसरलं जातं.

६. सणवार

सोसायटीत माणूस आपला झाला की नाही ते मेंटेनन्सच्या बिलावरून कळत नाही, सणाला कळतं. खेळांच्या स्पर्धांत 'महिला' आणि 'पुरुष' असे गट असतील तर नाव देणाऱ्याने गट स्वतः लिहावा, आयोजकांनी ठरवू नये. संगीत खुर्ची, अंताक्षरी, पाककला यांना तर असे गट लागतच नाहीत. आरतीचं तबक फिरताना कोणाला वगळू नका, सजावटीच्या कामाला हक्काने बोलवा.

हळदीकुंकवाचा प्रश्न आमच्याकडे चिघळला. "हे सवाष्णींचं असतं," एवढ्यावर बैठक अडली. तेव्हा कोणीतरी हेरवाडची आठवण काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. एक गाव ठराव करू शकतं तर दीडशे फ्लॅटची सोसायटी का नाही? संक्रांतीच्या नोटिशीवर आम्ही लिहिलं: 'हळदीकुंकू व तिळगूळ, ज्यांना यावंसं वाटेल त्या सगळ्यांसाठी'. त्या वर्षी नवरा गेलेल्या चार जणी पहिल्यांदा आल्या.

आठशे दोनवाली साडी नेसून हॉलच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशीच थांबली. चपला काढाव्यात की नाही, अशी घुटमळत. तळमजल्यावरच्या आजींनी, वय एक्क्याऐंशी, बसल्या जागेवरून हात केला, जवळ बसवलं, हळदकुंकू लावलं आणि हातात वाणाचा स्टीलचा डबा ठेवला.

"गाव कुठलं गं तुझं?"

"सांगोला."

"मग डाळिंबं कशी आहेत यंदा?"

"तेल्या पडलाय आजी, निम्मी बाग गेली."

पुढचा अर्धा तास दोघी फवारणीबद्दल बोलत होत्या. आजींचं माहेर मंगळवेढ्याचं निघालं.

आता माझी चूक सांगते. त्याच वर्षी गणपतीत, माइक हातात असताना, मी तिला स्टेजवर बोलावलं आणि "आपल्या सोसायटीतल्या पहिल्या तृतीयपंथी रहिवासी" अशी ओळख करून दिली. मला अभिमान वाटत होता. टाळ्याही पडल्या. ती हसली, नमस्कार करून खाली उतरली आणि नंतर तीन आठवडे सोसायटीच्या कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही. मी भेटायला गेले तेव्हा शांतपणे म्हणाली, "ताई, पाचव्या मजल्यापर्यंतच्या लोकांना माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मी आठशे दोनवाली होते. आता ते पण गेलं." कोणाची ओळख कोणाला सांगायची हे ठरवणं त्या व्यक्तीकडेच राहू द्या. चांगल्या हेतूनेसुद्धा ते काम आपल्या हातात घेऊ नका. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी विचारा.

७. विरोध झाला तर

होईलच. सर्वसाधारण सभेत आणि त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुपवर वाद घालू नका. अ‍ॅडमिनने एकदा लिहावं की कोणत्याही रहिवाशाच्या शरीराबद्दल किंवा ओळखीबद्दल इथे मजकूर टाकायचा नाही, टाकल्यास काढला जाईल. मग खरोखर काढावा.

"मुलांवर परिणाम होईल" असं म्हणणाऱ्यांशी मी घरी जाऊन बोलले. एका बाईंना मुळात सिग्नलवर कधीतरी आलेल्या वाईट अनुभवाची भीती होती, सोसायटीतल्या कोणाबद्दल काहीच तक्रार नव्हती. तासभर ऐकून घेतल्यावर त्या मोकळ्या झाल्या. सगळे होतील असं नाही. न होणाऱ्यांना मन बदलण्याची सक्ती करता येत नाही, वागण्याचा नियम मात्र पाळायला लावता येतो, आणि त्यासाठी ठराव लागतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, नोटीस १४ दिवस आधी निघते, तेव्हा विषय विषयपत्रिकेत वेळेत घाला. ऐनवेळच्या विषयांत ढकललात तर कोणीतरी हरकत घेऊन पाडेल. आमच्या ठरावाचा मसुदा असा होता, हवा तर घ्या:

'संस्थेच्या आवारात राहणाऱ्या, काम करणाऱ्या अथवा भेटीस येणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस लिंगभाव किंवा लैंगिक कल या कारणावरून प्रवेश, निवास, सोयी-सुविधा अथवा कार्यक्रमांतील सहभाग नाकारला जाणार नाही. कायद्याने आवश्यक नसेल तेथे संस्थेच्या नोंदींमध्ये लिंगाची माहिती मागितली जाणार नाही.'

सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे अनुमोदन तळमजल्यावरच्या आजींच्या मुलाने दिलं, आणि ठराव बहुमताने झाला. सर्वानुमते झाला नाही, ते इतिवृत्तात तसंच लिहिलं.

मारहाण, धमकी, घर सोडायची जबरदस्ती असं काही घडलं तर तो सोसायटीचा अंतर्गत मामला धरू नका. ११२ वर फोन, आणि त्या व्यक्तीसोबत पोलीस ठाण्यात कमिटीतलं कोणीतरी हवंच. एकट्याने गेलं की तक्रार लिहून घ्यायला वेळ लागतो, हा अनुभव आहे.

८. घरातलं मूल

कधीतरी एखादे आई-बाबा रात्री दार वाजवतील. आमच्याकडे आले होते. मुलगा अकरावीला, "मी मुलगा नाहीये" असं त्याने, म्हणजे तिने, घरी सांगितलेलं. ओळखीच्या कोणीतरी 'सरळ करून देणाऱ्या' डॉक्टरचं नाव सुचवलं होतं. अशा वेळी सल्ल्यांचा भडिमार करू नका. दोनच गोष्टी सांगा. एक, लिंगभाव किंवा कल 'बदलण्याचे' उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केलं आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. दुसरी, बोलायला माणसं आहेत. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते. याच विषयात मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतं, आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झालं. समपथिकचं बरंच साहित्य मराठीत आहे, आणि आई-वडिलांना ते आपल्या भाषेत वाचायला मिळणं फार मोलाचं असतं. त्यानंतर जिन्यात भेटलात तर "काय झालं मग?" असं विचारू नका. "चहाला या," म्हणा.

९. पुढच्या कमिटीकडे सोपवताना

हँडओव्हरच्या फाइलमध्ये ठरावाची प्रत, भाडेकरूच्या फॉर्मचा नवा नमुना, वॉचमनसाठीच्या चार सूचना हिंदीत आणि मराठीत, एवढं ठेवा. कोणाही रहिवाशाच्या ओळखीची माहिती त्यात नको.

आणि व्हिजिटर रजिस्टर संपलं की नवीन आणायला जो जाईल त्याला नमुना देऊनच पाठवा. दुकानात तयार मिळणाऱ्या रजिस्टरांत तो रकाना छापलेलाच येतो. आमचं एकदा तसंच आलं. दोनशे पानं होती. आम्ही तिघी रविवारी दुपारी ऑफिसात बसून पट्टीने तो रकाना प्रत्येक पानावर खोडला.